सेवेकऱ्याच्या हाती किती किल्ल्या?

घरच्या जुन्या माणसावर विश्वास टाकणे हा आपल्याकडे सद्गुण मानला गेला आहे. पण त्याच माणसाच्या हाती घरातील सर्व किल्ल्यांचा जुडगा देऊन निश्चिंत झोपी जाणे हा मात्र गबाळेपणा मानतात. या दोहोंमधील सीमारेषा नेमकी कोठे ओढावी, हा प्रश्न गृहस्थाला, सावकाराला, राजाला आणि देवस्थानच्या पंचांना सारखाच पडत आलेला आहे. आज तो एका नव्या रूपाने पुढे आला आहे. नवेपण इतकेच की, ज्याच्या हाती किल्ल्या द्यावयाच्या तो सेवेकरी आता मनुष्यच राहिलेला नाही.

हैदराबादेतील वाचकांस याचा खुलासा फारसा करावा लागू नये. १९९८ साली येथे सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपले विकासकेंद्र या शहरात उघडले. त्यानंतर माधापूर-गच्चीबावलीच्या खडकाळ माळरानाचे रूप पार पालटून गेले. तेथे रात्री दोन वाजताही जे दिवे जळत असतात, त्यांच्या उजेडात बसलेल्या आपल्या मुली-मुलगे पुष्कळदा दूरदेशीच्या पेढ्यांची आणि रुग्णालयांची यंत्रे सांभाळीत असतात. ‘सर्व्हिस अकाउंट’ हा शब्द त्यांच्या बोलण्यात वारंवार येतो. एखाद्या यंत्राला दुसऱ्या यंत्राच्या दारातून आत जाण्यासाठी जे नाव आणि जी परवलीची खूण दिली जाते, ते हे खाते. त्याला चेहरा नसतो, पगार नसतो, रजा नसते. ते अहोरात्र राबते, आणि म्हणूनच कोणाच्या ध्यानातही राहत नाही.

व्हॉइसमेलचे उदाहरण घेऊ. कचेरीतला माणूस जागेवर नसला म्हणजे दूरध्वनी करणाराचा निरोप त्याच्याच आवाजात नोंदवून ठेवणारी ही व्यवस्था. पूर्वी हे निरोप त्या यंत्रातच पडून असत. आता ते ज्याचे त्याच्या विद्युत्-टपालाच्या पेटीत नेऊन ठेवले जातात, त्यांचे लिखित रूपांतरही होते, आणि निरोप ऐकला गेला म्हणजे दूरध्वनीवरचा दिवा मालवावा लागतो. ही नेआण करण्यासाठी व्हॉइसमेलच्या यंत्राला टपालपेट्यांत हात घालता आला पाहिजे. तो हात म्हणजेच सर्व्हिस अकाउंट. सिस्को कंपनीच्या युनिटी कनेक्शन या व्यवस्थेत हे काम असेच चालते. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या टपालव्यवस्थेत, २०१० च्या आवृत्तीपासून, अशा खात्याला एक विशिष्ट भूमिका देता येते. तिचे नाव ‘अ‍ॅप्लिकेशन इम्पर्सोनेशन’. ही भूमिका मिळालेले खाते टपालपेटीच्या मालकाचा पासवर्ड न विचारता त्या मालकाच्याच नावाने आत वावरू शकते. आपल्या भाषेत याला परकायाप्रवेश म्हणावे.

आणि येथेच खरी गोम आहे. भूमिका देताना मर्यादा लिहिली नाही, तर ती संस्थेतील प्रत्येक पेटीला लागू होते. समजा, एका संस्थेत पाच हजार माणसे आहेत आणि त्यांपैकी चारशेच जणांकडे व्हॉइसमेल आहे. तरीही निरोप्याचे काम करणाऱ्या त्या खात्याला उरलेल्या चार हजार सहाशे जणांचा पत्रव्यवहारही खुला होतो: अध्यक्षांचा, हिशेबनिसाचा, आणि वरिष्ठाविरुद्ध तक्रार लिहिणाऱ्या एखाद्या बाईचाही. मर्यादा घालण्याची सोय व्यवस्थेतच असते. अमुक गटातील पेट्यांपुरतीच ही भूमिका, असे एका ओळीत लिहिता येते. परंतु ती ओळ लिहावयाची म्हणजे तो गट अगोदर बांधावा लागतो, त्याची यादी राखावी लागते, आणि काम तर उद्या सकाळपर्यंत सुरू व्हावयाचे असते. मग घाईत असलेला मनुष्य जुडगाच देऊन टाकतो. यात दुष्टपणा कोणाचाच नसतो. या विषयाचे अवघडपण मला नेमके यातच दिसते, कारण दुष्टपणाविरुद्ध बोलणे सोपे असते.

पत्रापेक्षा आवाजाची गोष्ट वेगळी आहे. पत्र लिहिणारा शब्द निवडतो, खोडतो, पुन्हा लिहितो. निरोप ठेवणारा एका दमात बोलून मोकळा होतो. त्याचा दम लागलेला, त्याचे अडखळणे, मागे रडणारे मूल, हे सारे त्या नोंदीत उतरते. शिवाय तो एका विशिष्ट कानासाठी बोललेला असतो. हैदराबादेतच असलेल्या त्या वेळच्या आंध्र प्रदेश उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले होते. त्याचा निर्णय २००८ च्या निर्णयसंग्रहात छापला गेला. घटस्फोटाच्या दाव्यात पतीने पत्नीची तिच्या आईवडिलांशी व मैत्रिणींशी झालेली दूरध्वनीवरील संभाषणे तिच्या नकळत नोंदवून पुरावा म्हणून पुढे केली होती. न्यायालयाने हा तिच्या खाजगीपणाच्या हक्काचा भंग ठरविला आणि ती नोंद खरी असली तरी पुराव्यात घेता येणार नाही, असे म्हटले. पुढे जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पतिपत्नींच्या आपसांतील संभाषणाच्या चोरून केलेल्या नोंदी वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून ग्राह्य धरता येतील, असा निर्णय दिला. पुराव्याच्या कायद्याचा तो प्रश्न निराळा. तो वकिलांवर सोपवावा. आईशी बोलणाऱ्या मुलीने ते शब्द तिसऱ्या कोणासाठी उच्चारले नव्हते, एवढी गोष्ट मात्र कोणत्याही निर्णयाने बदलत नाही.

विलायतेत या विषयावर केवढा गहजब झाला, हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांस आठवत असेल. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या साप्ताहिकाच्या एका बातमीदाराला व त्याच्यासाठी काम करणाऱ्या खाजगी गुप्तहेराला जानेवारी २००७ मध्ये लोकांचे व्हॉइसमेल चोरून ऐकल्याबद्दल कारावासाची शिक्षा झाली. पुढे खुनाला बळी पडलेल्या एका शाळकरी मुलीच्या दूरध्वनीवरील निरोपही ऐकले गेले होते, हे उघडकीस आले आणि १६८ वर्षांचे ते साप्ताहिक १० जुलै २०११ च्या अंकानिशी बंद पडले. यातली किल्ली मोठी गुंतागुंतीची नव्हती. कंपनीने प्रत्येक ग्राहकाला दिलेला आरंभीचा ठराविक आकडा अनेकांनी कधी बदललाच नव्हता.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप भावनेचा आहे, पण म्हणून हलका नाही. जो आपली सेवा करतो त्याच्या हाताला मोजमाप लावणे हा अविश्वास नव्हे काय? मनुष्याच्या बाबतीत हा प्रश्न खरोखर नाजूक आहे. वीस वर्षे घरात राबलेल्या बाईसमोर कपाटाला नवे कुलूप लावणारी गृहिणी काहीतरी मोडते, आणि जे मोडते ते पुन्हा सांधता येत नाही. मनुष्याला बाहेरच्या कुलपाखेरीज आतही कुलपे असतात: लाज, पापभीरुता, खाल्ल्या मिठाची आठवण. त्या आतल्या कुलपांवर भिस्त ठेवूनच आपण बाहेरची काही उघडी टाकतो, आणि ते योग्यच आहे. पण सर्व्हिस अकाउंटला लाज नाही. ते उपकार स्मरत नाही आणि अपमानही मानीत नाही. आत एकही कुलूप नसलेल्या या सेवेकऱ्याला बाहेरचे कुलूप न लावण्यात कोणती उदारता आहे, हे मला कधी उमगलेले नाही.

यावर कोणी म्हणेल की, ज्याला इच्छा नाही तो अपराध तरी कसा करील? निरोप पोचविण्याखेरीज त्या खात्याच्या मनात काही येणारच नाही. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. १९८८ साली नॉर्म हार्डी या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने एक छोटा लेख लिहिला. त्यातील प्रसंग या क्षेत्रात दृष्टांतासारखा सांगितला जातो. एका भाषांतरक प्रोग्रामला आपल्या कामाची आकडेवारी एका राखीव कप्प्यात लिहिण्याची विशेष मुभा दिलेली होती. त्याच कप्प्यात ग्राहकांच्या बिलांची वहीही होती. एका ग्राहकाने त्या प्रोग्रामला सांगितले की, माझ्या कामाचा अहवाल अमुक ठिकाणी लिही, आणि ठिकाण म्हणून त्या बिलांच्या वहीचेच नाव दिले. ग्राहकाला स्वतःला तेथे लिहिण्याचा अधिकार नव्हता; प्रोग्रामला होता. त्याने मुकाट्याने वही पुसून तिच्यावर अहवाल लिहिला. हार्डीने या सेवकाला गोंधळलेला मुनीम म्हणावे असे नाव दिले. त्याने चोरी केली नाही, लोभ धरला नाही, आज्ञाही मोडली नाही. त्याच्या पदरी दोन धन्यांचे अधिकार होते आणि कोणत्या कामासाठी कोणता वापरावयाचा, हे त्याला कळत नव्हते, एवढेच. निरिच्छ सेवक निरुपद्रवी असतो, या समजुतीला इतका साधा छेद दुसरा नसेल.

परकायाप्रवेशाचा उल्लेख वर केला. आद्य शंकराचार्यांनी राजा अमरुकाच्या देहात प्रवेश केल्याची आख्यायिका आपल्याकडे सर्वश्रुत आहे. ती इतिहास म्हणून कोणी मानो वा न मानो, कथा रचणाराने तिच्यात काय काय घातले आहे ते पाहण्यासारखे आहे. तेथे हेतू एकच आणि नेमका आहे. मुदत ठरलेली आहे. मागे राहिलेल्या देहावर शिष्यांचा पहारा आहे. आणि मुदत उलटून गेल्यावर आठवण देण्यासाठी ते शिष्य राजसभेत येऊन गातात. खुद्द आचार्यांच्या परकायाप्रवेशाला जेथे मुदतीचे आणि साक्षीदारांचे बंधन घातले गेले, तेथे आमच्या कचेऱ्यांतील एखादे खाते सात-आठ वर्षे कोणाच्या नजरेखाली नसताना हजारो देहांत ये-जा करीत राहते, ही गोष्ट चमत्कारिकच म्हणावयाची.

परंतु या विषयावर माझ्या मनाला अधिक पटणारे उदाहरण पंढरपूरचे आहे. विठ्ठलाच्या देवळात बडव्यांखेरीज सात प्रकारचे सेवाधारी असत आणि प्रत्येकाचे काम ठरलेले असे. पूजेचे उपचार पुजाऱ्याने करावयाचे. मंत्र बेणाऱ्याने म्हणावयाचे. स्नानाचे पाणी आणि ओवाळणीचा दिवा परिचारकाने आणावयाचा. पदे हरिदासाने गावयाची. देवाला आरसा डिंगऱ्याने दाखवावयाचा. मशाल दिवट्याने धरावयाची आणि चांदीची काठी डांग्याने. आरसा दाखविणाराने मंत्र म्हणू नयेत, यात त्याचा अपमान कोणी मानला नाही. उलट ‘अधिकार’ हा शब्द आपण आज सत्ता या अर्थी वापरतो, तो मुळात असाच मोजका होता. अमुक कर्म करण्याची अमुकाची पात्रता, असा त्याचा शास्त्रातला अर्थ. सर्वाधिकारी ही कल्पना दरबारातली. देवळातला सेवेकरी तेवढ्या सेवेपुरताच सेवेकरी.

तथापि हे चित्र रंगवून येथेच थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कामाची विभागणी होती, पण मुदत नव्हती आणि झाडा घेणारा कोणी नव्हता. सेवा वंशपरंपरेने चालली आणि हळूहळू तिचे वतन झाले. बडवे आणि सेवाधारी यांच्यातील तंटे दीर्घकाळ चालले, यात्रेकरूंच्या तक्रारी वाढल्या, सरकारने चौकशी आयोग नेमला आणि त्यानंतर पंढरपूर मंदिरे अधिनियम १९७३ साली संमत झाला. कोर्टकचेऱ्या त्यानंतरही चालू राहिल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये त्यावर अखेरचा निर्णय दिला, तेव्हा वंशपरंपरागत हक्क संपले. म्हणजे अधिकार अरुंद केला एवढ्याने भागत नाही. तो पुन्हा पुन्हा तपासला गेला नाही तर अरुंद अधिकाराचीही मालमत्ता बनते. कौटिल्याने राजाच्या खजिन्यातून अपहार करण्याचे चाळीस प्रकार मोजून ठेवले आहेत आणि कोणत्याही खात्यावर एकाहून अधिक प्रमुख असावेत व ते कायमचे नसावेत, असे सुचविले आहे. मनुष्यस्वभावाविषयी त्याचे मत फारसे बरे नव्हते, हे खरे. पण त्याचा सल्ला ज्यांना स्वभावच नाही अशा सेवकांना अधिकच लागू पडतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो मला पहिल्यापेक्षा वजनदार वाटतो. बंधनांनी सेवा अडते. रुग्णालयात नवा डॉक्टर रुजू झाला, त्याचे नाव त्या गटाच्या यादीत घालावयाचे राहिले, आणि रात्री रुग्णाच्या मुलीने ठेवलेला निरोप त्याच्या पेटीत पोचलाच नाही, तर त्या मुलीपुढे मर्यादेचे तत्त्वज्ञान सांगत बसणार काय? ही अडचण कल्पनेतली नाही. यंत्रे सांभाळणाऱ्या तरुणांना रात्री-अपरात्री असल्या हाका येतात. ‘तूर्त सगळे उघडे करून टाका, सकाळी पाहू’ असे वरून सांगितले जाते, आणि ती सकाळ कधी उजाडत नाही. हाताखालच्या माणसाला दोष देण्यापूर्वी त्याला यादी राखण्यास वेळ दिला होता काय, हे विचारावयास हवे.

तरीही दोन्ही बाजूंच्या हानीचा प्रकार सारखा नाही. न पोचलेला निरोप दिसतो. कोणीतरी तक्रार करतो, चूक सापडते, यादी दुरुस्त होते. नको त्याच्या कानी पडलेला निरोप दिसत नाही. त्याची तक्रार कोणी करीत नाही, कारण ज्याचा तो आवाज त्याला पत्ताच नसतो. आणि पत्ता लागला तरी ऐकलेले न ऐकलेले करता येत नाही. जे नुकसान हाका मारून आपली जागा दाखविते त्याची भीती आपण अधिक बाळगतो आणि जे मुक्यानेच होते त्याची कमी. हिशेब उलट असावयास हवा.

खुद्द मायक्रोसॉफ्टलाच याचा प्रत्यय आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली आणि १२ जानेवारी २०२४ रोजी ध्यानात आलेली ती घुसखोरी रशियन सरकारशी संबंधित टोळीची असल्याचे कंपनीने जाहीर केले. चोर शिरले ते एका जुन्या, चाचणीपुरत्या उघडलेल्या खात्यातून. त्याचा पासवर्ड त्यांना अंदाजाने सापडला. तेथून त्यांच्या हाती एक विस्मृतीत गेलेला, पण भरपूर अधिकार असलेला प्रोग्राम लागला, आणि त्याच्या जोरावर त्यांनी आपल्या हस्तकांना सर्व टपालपेट्या वाचण्याची मुभा देऊन घेतली. कंपनीच्या काही वरिष्ठ अधिकाऱ्यांची पत्रे त्यांनी वाचली. चाचणी केव्हाच संपली होती. किल्ली तेवढी खुंटीवर राहिली होती.

आमच्या शहरातली गोष्ट याहून घरगुती आणि अधिक दुःखद आहे. मार्च २०२३ मध्ये तेलंगण लोकसेवा आयोगाच्या प्रश्नपत्रिका गोपनीय विभागाच्या संगणकातून बाहेर गेल्याचे उघडकीस आले. अटक झालेल्यांत आयोगाचा कर्मचारी होता आणि तेथील संगणकांचे जाळे सांभाळणारा तंत्रज्ञही. जाळ्याची देखभाल करणाराचा हात प्रश्नपत्रिकांपर्यंत पोचला, असा तपासपथकाचा आरोप आहे. दोष कोणाचा, ते न्यायालय ठरवील. परंतु ५०३ जागांसाठी १६ ऑक्टोबर २०२२ रोजी पावणेतीन लाखांहून अधिक उमेदवारांनी दिलेली पूर्वपरीक्षा रद्द झाली, ही गोष्ट न्यायालयाच्या निकालासाठी थांबलेली नाही. अशोकनगरच्या शिकवणीवर्गांत खेड्यापाड्यांतून येऊन राहिलेल्या त्या मुलांनी कोणाला किती किल्ल्या दिल्या होत्या? एकही नाही. दुसऱ्यांनी दिलेल्या किल्ल्यांची किंमत त्यांनी मोजली.

माझ्या दृष्टीने या प्रश्नाचे नैतिक मर्म येथे आहे. किल्ली देणारा एक, घेणारा दुसरा, आणि जोखीम तिसऱ्याची. १९७५ साली साल्ट्झर आणि श्रोडर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी संगणकातील माहितीच्या रक्षणाची जी तत्त्वे मांडली, त्यांत प्रत्येक प्रोग्रामला त्याच्या कामापुरताच किमान अधिकार द्यावा, हे एक होते. त्यांनी ते कारागिराच्या भूमिकेतून सांगितले: चूक झालीच तर तिची व्याप्ती लहान राहावी म्हणून. मला त्यात त्याहून अधिक काही दिसते. स्वतःच्या तिजोरीची किल्ली उदारपणे देण्यास मी मुखत्यार आहे. पण व्हॉइसमेलच्या पेटीत माझे काही नसते. तेथे दुसऱ्यांनी माझ्यापाशी ठेवलेले आवाज असतात. ती ठेव आहे, आणि ठेवीच्या बाबतीत उदार होण्याचा हक्क ठेव सांभाळणाऱ्याला नाही. २०२३ च्या आपल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमानेही ज्या कामासाठी संमती दिली त्या कामास लागेल तेवढीच माहिती, असे बंधन घातले आहे. पण निरोप ठेवणाऱ्या त्या बाईला तरी कोणी संमती विचारली होती? तिने फक्त घंटा संपल्यावर बोलावयास सुरुवात केली.

मायक्रोसॉफ्टने आपल्या मेघस्थ टपालसेवेतून ती परकायाप्रवेशाची भूमिका २०२५ साली काढून टाकली. तिच्या जागी, कोणत्या प्रोग्रामला कोणत्या पेट्या, हे नेमून देण्याची रीत आली. संस्थांच्या स्वतःच्या यंत्रांवर चालणाऱ्या व्यवस्थेत ती जुनी भूमिका अद्याप आहे. आणि हे केवळ मोठ्या कंपन्यांपुरते नाही. आता लहानमोठ्या देवस्थानांच्या कचेऱ्यांतही भक्तांचे दूरध्वनी नोंदविणारी यंत्रे आली आहेत: कोणी आजारी मुलासाठी अभिषेक सांगतो, कोणी नाव न घेण्याच्या अटीवर देणगीची रक्कम सांगतो. ते यंत्र पहिल्यांदा जोडून देणारा उत्साही स्वयंसेवक पुण्याला किंवा परदेशी निघून गेलेला असतो, आणि त्याने त्या दिवशी घातलेला पासवर्ड बहुधा अजून तोच असतो. पुढच्या सभेत जमाखर्च मंजूर झाल्यावर, पंचांनी चहापूर्वी पाच मिनिटे काढून तेवढे विचारून घ्यावे.